जुन्या जाहिराती आणि इंग्रजी अमदानीतले रोजचे जगणे

हिंदुस्थानातले पहिले छापील वृत्तपत्र 29 जानेवारी 1780 रोजी कलकत्त्यात निघाले. जेम्स ऑगस्टस हिकी याच्या या 'बेंगाल गॅझेट'च्या पूर्ण नावातच 'कलकत्ता जनरल अ‍ॅडव्हर्टायझर' असे शब्द होते, आणि पत्राचा पुष्कळ भाग जाहिरातींनीच भरलेला असे. विलायतेच्या बातम्या जहाजाने येईपर्यंत महिने उलटून जात. जाहिराती मात्र गावातल्या आणि त्याच आठवड्यातल्या असत. घर भाड्याने देणे आहे, घोडा विकणे आहे, अंगठी हरवली आहे, अमक्या दिवशी लिलाव आहे. याच ओळींमध्ये माणसांच्या विक्रीच्याही जाहिराती छापून येत. फ्रेंच हॉर्न उत्तम वाजवणारी दोन आफ्रिकी मुले विकणे आहेत, अशी एक जाहिरात हिकीच्या पत्रात आली होती. गुलामगिरीला कायद्याचा आधार उरणार नाही असे ठरवणारा कायदा हिंदुस्थानात 1843 साली झाला. तोपर्यंतच्या घरगुती गुलामगिरीचा पुरावा शोधायचा तर अग्रलेखांपेक्षा या जाहिराती अधिक कामाला येतात. गुलाम बाळगणे ही त्या काळी बातमी नव्हती, तो घरखर्चातला एक व्यवहार होता.

मुंबईत 'बॉम्बे हेरल्ड' 1789 मध्ये, 'बॉम्बे कुरियर' 1790 मध्ये आणि 'बॉम्बे गॅझेट' 1791 मध्ये सुरू झाले. या पत्रांचा वाचक म्हणजे कंपनीचे नोकर, लष्करी अधिकारी, व्यापारी आणि इंग्रजी जाणणारे थोडे पारशी. त्यांच्या घरात काय होते हे लिलावाच्या जाहिराती सांगतात. साहेब मायदेशी निघाला, त्याची बदली झाली किंवा तापाने तो दगावला, की त्याच्या चीजवस्तूंची यादी छापून येई. तीत पालखी, बग्गी, मदिरा द्राक्षासवाच्या बाटल्या, चांदीची भांडी, पुस्तके, क्वचित एखादा पियानो असे. एकाच वस्तूला असे अनेक मालक लाभत. युरोपीय माणसाचा मुक्काम किती तात्पुरता होता आणि मरण किती जवळ होते, हे या याद्यांइतके रोखठोक दुसरीकडे वाचायला मिळत नाही. जहाजांच्या जाहिरातींतही असाच अंदाजावर चाललेला कारभार दिसतो. शिडाच्या जहाजाची सुटण्याची तारीख वाऱ्यावर आणि माल भरण्यावर अवलंबून असल्यामुळे ती नक्की सांगता येत नसे.

'कुरियर'ने देशी भाषांतही जाहिराती छापल्या. गुजराती जाहिरात 1797 मध्ये आली आणि 1802 मध्ये मोडी लिपीतली मराठी जाहिरात आली. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले 6 जानेवारी 1832 रोजी. म्हणजे मराठी जाहिरात मराठी वृत्तपत्रापेक्षा तीस वर्षांनी वडील ठरते. लिपी मोडी होती यालाही अर्थ आहे. मोडी ही हिशेबाची, दस्तऐवजांची, दफ्तराची लिपी. कंपनी सरकारला आणि व्यापाऱ्यांना ज्या मराठी माणसाशी बोलायचे होते तो पोथी वाचणारा शास्त्री नसून वही लिहिणारा कारकून, सावकार आणि मक्तेदार होता.

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात मुंबईच्या जाहिरातींत नवनवे जिन्नस दिसू लागतात. अमेरिकेतल्या बॉस्टनहून भुशात गुंडाळलेले बर्फ 1833 मध्ये कलकत्त्याला पोचले आणि लवकरच मुंबईलाही येऊ लागले. जमशेटजी जिजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि पाहुण्यांना सर्दी झाली, ही हकिकत तेव्हाच्या वृत्तपत्रात चवीने छापली गेली. जहाज वेळेवर आले नाही की शहरात बर्फ मिळत नसे.

बोरीबंदर ते ठाणे रेल्वे 16 एप्रिल 1853 रोजी धावली आणि वेळापत्रक व दरपत्रक हा जाहिरातीचा एक नवा प्रकार रूढ झाला. पुढे रेल्वेच्या वेळापत्रकांनी वेळेचाच घोळ घातला. देशभरच्या गाड्या मद्रास टाइमने चालत आणि मुंबईचे घड्याळ त्यापेक्षा अर्धा तास मागे असे. 1 जानेवारी 1906 पासून सरकारने स्टँडर्ड टाइम लागू केला. मुंबईकरांनी त्याला विरोध केला आणि शहराचा कारभार एकोणचाळीस मिनिटे मागे असलेल्या मुंबई टाइमवर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे चालू ठेवला. त्यामुळे सभा, नाटक किंवा गायनाची वेळ देताना ती कोणत्या टाइमाची, हेही जाहिरातीत सांगावे लागे. एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या आणि लोक दोन्ही सांभाळून वागत होते.

मराठी पत्रांना सुरुवातीला जाहिराती फारशा मिळत नसत. 'दर्पण', भाऊ महाजनांचा 'प्रभाकर' (1841), पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' (1849), मुंबईचा 'इंदुप्रकाश' (1862) यांचा खप थोडा आणि त्यांच्या वाचकाच्या खिशात पैसाही बेताचा. त्यांत बहुतेक जाहिराती पुस्तकांच्या, पंचांगांच्या आणि शाळांच्या असत. पुस्तक छापण्याआधीच आगाऊ वर्गणीदार जमवण्याची पद्धत होती. पुरेशी नावे आली तरच ग्रंथ निघे. छापखानदाराकडे भांडवल नव्हते आणि ग्राहक गावोगाव विखुरलेला होता. अशा परिस्थितीत जाहिरात हे भांडवल उभे करण्याचे साधन झाले. गणपत कृष्णाजी यांचा छापखाना आणि जावजी दादाजी यांचे निर्णयसागर यांच्या पुस्तकयाद्यांतून मध्यमवर्गाची शेल्फे कशी भरत गेली ते दिसते. त्यांत पोथ्या व स्तोत्रे होती, कादंबऱ्या आणि शालेय मार्गदर्शिका होत्या, आणि इंग्रजी पत्र कसे लिहावे हे शिकवणारी पुस्तकेही होती.

हे चित्र पालटवले ते टपालखात्याने, आणि याचे श्रेय जाहिरातीच्या इतिहासात अनेकदा द्यायचे राहून जाते. 1854 मध्ये देशभर अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागले. 1877 मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली व्ही. पी., सुरू झाली. 1879 मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले, 1880 मध्ये मनीऑर्डर आली. या चार सोयींनी मिळून दुकान आणि गिऱ्हाईक यांची गाठ न पडता व्यापार करणे शक्य केले. रत्नागिरीच्या किंवा बुलढाण्याच्या शाळामास्तराने 'केसरी'त जाहिरात वाचायची, पोस्टकार्ड टाकायचे, आठ-दहा दिवसांनी पोस्टमनने पार्सल आणायचे आणि पैसे मोजून ते सोडवून घ्यायचे. 1880 नंतरच्या मराठी जाहिरातींच्या तळाशी 'ट. ख. (टपाल खर्च) निराळा', 'व्ही. पी. चार्ज वेगळा' ही शेपटी सर्रास लागते.

या व्यवहारात विश्वासाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी होता. गिऱ्हाईक मागणी करून पार्सल परत पाठवी आणि दुकानदाराला जाण्यायेण्याचा भुर्दंड पडे, म्हणून काही जाहिरातदार काही रक्कम आधी मागत. उलट पार्सलात काय निघेल याची गिऱ्हाइकाला खात्री नसे. घड्याळाच्या नावाखाली खेळण्यातले घड्याळ येई. एका घड्याळाबरोबर आरसा, कंगवा, चाकू, अंगठी अशा ढीगभर वस्तू फुकट देऊ करणाऱ्या जाहिराती या काळात फार माजल्या, आणि त्यांना फसलेल्यांच्या तक्रारीही पत्रांतून छापून येत. 'पसंत न पडल्यास पैसे परत', 'बनावट मालापासून सावध राहा', 'आमची खूण पाहून घ्या' ही वाक्ये या अविश्वासातून जन्माला आली. नकली खुणा व छापे यांना आळा घालण्यासाठी 1889 मध्ये मर्चंडाइज मार्क्स कायदा करावा लागला.

व्ही. पी.चा सर्वांत मोठा लाभ औषधवाल्यांना झाला. कोणत्याही जुन्या मराठी पत्राचा अंक उघडावा, शेवटच्या पानांवर औषधांचे राज्य दिसते. विलायती पेटंट औषधांनी वाट पाडली. हॉलोवेच्या गोळ्या आणि मलम जगभर खपत आणि त्यांच्या सूचना अनेक भाषांत छापल्या जात. डॉ. कॉलिस ब्राउन या लष्करी डॉक्टरने हिंदुस्थानातच तयार केलेले क्लोरोडाइन पटकी, हगवण, खोकला, झोप न येणे अशा अनेक तक्रारींवर सांगितले जाई. त्यात अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म असे. गुण येत असे यात नवल नाही. आजार बरा होवो न होवो, रोग्याला त्याचा विसर पडे.

देशी उत्पादकांनी हा धडा लवकर गिरवला. पनवेलच्या धूतपापेश्वर कारखान्याची सुरुवात 1872 ची. कलकत्त्याच्या सी. के. सेन यांच्या जबाकुसुम तेलाची 1878 ची. अमृतांजन मुंबईत 1893 मध्ये निघाले, आणि गाण्याच्या बैठकींतून फुकट वाटून काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी त्याची ओळख करून दिली. के. टी. डोंगरे यांचे बालामृत घरोघर पोचले. या मंडळींनी औषधाचा स्वभावच बदलला. वैद्य नाडी पाहून, प्रकृती ओळखून, त्या रोग्यापुरती मात्रा तयार करी. आता तीच विद्या ठरावीक किमतीच्या, लेबल लावलेल्या बाटलीत बसवून अनोळखी माणसाला विकायची होती. प्रकृती पाहणे शक्य नव्हते, म्हणून जाहिरातीतच लक्षणांची यादी येऊ लागली आणि ती वाचून रोग्याने आपला रोग आपणच ओळखावा अशी अपेक्षा ठेवली गेली. वैद्याच्या नावलौकिकाची जागा सर्टिफिकिटांनी घेतली. कोणी संस्थानिक, कोणी मामलेदार, कोणी हायस्कुलाचा हेडमास्तर औषधाने गुण आल्याचे पत्र लिही आणि ते छापले जाई. साक्षीसाठी कोणाला निवडले आहे, यावरून गावात कोणाच्या शब्दाला वजन होते तेही कळते.

रोगांच्या यादीतून समाजाची भीती वाचता येते. पटकी आणि हिवताप कायमचे होते. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि प्लेगवरच्या गोळ्या, अर्क, जंतुनाशके यांच्या जाहिराती सुरू झाल्या. हाफकिन यांची लस 1897 च्या जानेवारीत तयार झाली, पण सरकारी सुईपेक्षा व्ही. पी.ने येणारी गोळी अनेकांना जवळची वाटली. बालामृत, बाळघुट्या आणि विलायती बालान्ने यांच्या जाहिरातींतली गुटगुटीत मुले ज्या घरांत पाहिली जात होती त्यांपैकी बहुतेक घरांनी एखादे तान्हे मूल गमावलेले असे. ते गुटगुटीत बाळ पाहताना हे विसरता येत नाही.

सर्वांत जास्त जागा मात्र पुरुषांच्या दुबळेपणाने व्यापली. धातुपौष्टिक, शक्तिवर्धक, स्मरणशक्तीवर्धक अशा नावांखाली विद्यार्थी आणि कारकून यांना त्यांच्या चुकांची आठवण करून दिली जाई आणि लगेच उपायही सुचवला जाई. जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या देशभर पोचल्या त्या अशाच जाहिरातींवर. त्यांच्याबरोबर कामशास्त्रावरचे पुस्तक फुकट मिळे. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्या, परीक्षांनी पिचलेल्या आणि 'तुम्ही लोक मर्द नाही' असे राज्यकर्त्यांकडून ऐकणाऱ्या वर्गाचे मन या बाटल्यांच्या मागे उभे होते. महात्मा गांधींना या जाहिराती असह्य होत. दक्षिण आफ्रिकेतल्या 'इंडियन ओपिनियन'ने 1912 मध्ये जाहिराती घेणे बंद केले, आणि 'यंग इंडिया' व 'नवजीवन' जाहिरातींवाचून चालवण्यावर ते ठाम राहिले. इतर राष्ट्रीय पत्रांना ते परवडणारे नव्हते. पहिल्या पानावर देशाच्या स्वातंत्र्याचा लेख आणि शेवटच्या पानावर गुप्तरोगाची गोळी, असा अंक त्या काळात कोणालाही विचित्र वाटत नसे.

सोवळ्याओवळ्याची दखलही जाहिरातीने घेतली. साबणात चरबी आहे का, बिस्किटाला कोणाचा हात लागला, साखर कशाने शुभ्र केली, औषधात दारू आहे का, हे प्रश्न गिऱ्हाईक विचारणारच हे जाहिरातदाराला ठाऊक होते. दिल्लीत 1898 मध्ये निघालेल्या कारखान्याने आपले नावच हिंदू बिस्किट कंपनी ठेवले. मुंबई-पुण्याच्या खाणावळी आणि उपाहारगृहे स्वयंपाकी ब्राह्मण असल्याचे आवर्जून सांगत. परगावी नोकरीला आलेल्या एकट्या पुरुषाला ही माहिती दराइतकीच महत्त्वाची वाटे. यंत्रात 'हाताचा स्पर्श न होता' तयार झालेला माल म्हणजे विलायतेत स्वच्छता, आणि इथे त्याच वाक्याने विटाळाची शंकाही फिटे.

लिव्हर ब्रदर्सचा सनलाइट साबण 1888 मध्ये 'मेड इन इंग्लंड' ही अक्षरे अंगावर घेऊन कलकत्त्याला उतरला. तेव्हा ती अक्षरे प्रतिष्ठेची होती. 1905 च्या स्वदेशी चळवळीने त्यांचा भाव उतरवला. धोतरे, काड्यापेट्या, शाई, साखर, छत्र्या यांच्या जाहिरातींत 'शुद्ध स्वदेशी' हा शब्द दरापेक्षा मोठ्या टाइपात येऊ लागला. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून तळेगावला काचकारखाना उभा राहिला तो 1908 मध्ये. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील पुढे महाराष्ट्राच्या खेड्यांत पोचला. अर्देशर गोदरेज यांनी 1918 च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण काढला, तेव्हा चरबी नसणे आणि स्वदेशी असणे हे दोन्ही मुद्दे एका वडीत आले. रवींद्रनाथ टागोरांनी त्याची शिफारस केल्याची जाहिरात त्या काळी गाजली. मात्र स्वदेशीच्या नावावर पुष्कळ खोटेही खपले. परदेशी माल आणून त्यावर देशी लेबल चिकटवणारे व्यापारी होतेच, आणि खऱ्या उत्पादकांच्या जाहिरातींतला त्रागा त्यांच्यावरच असे.

शेतकऱ्यापर्यंत जाहिरातीने पोचण्याचा प्रयत्न थोड्यांनीच केला. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या पहिल्या लोखंडी नांगरांना गिऱ्हाईक मिळेना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. तिथे नुसती किंमत छापून भागणार नव्हते, समजूत घालायला हवी होती. 1920 मध्ये कारखान्याच्या प्रसारासाठी 'किर्लोस्कर खबर' सुरू झाले. चित्रकला शिकलेल्या शंकरराव किर्लोस्करांनी ते इतके वाचनीय केले की त्याचेच पुढे मराठीतले एक प्रमुख मासिक बनले.

करमणुकीच्या जाहिरातींचा ठावठिकाणा नीट लागतो, कारण त्यांत तारीख, वेळ, स्थळ आणि दर असा चारही अंगांचा तपशील असतो. 7 जुलै 1896 रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त शतकातला चमत्कार म्हणून एक जाहिरात आली, आणि त्याच संध्याकाळी वॉटसन हॉटेलात लुमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. प्रवेश एक रुपया. आठवडाभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि लवकरच दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत लावले गेले. पडदानशीन स्त्रियांसाठी राखीव बॉक्सची सोय असल्याचेही जाहीर झाले. साहेबी हॉटेलापासून चार आण्यांच्या बाकापर्यंतचा हा प्रवास महिन्याभरात घडला आणि त्याची नोंद जाहिरातींनी ठेवली.

दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'साठी नट मिळवायला वृत्तपत्रांत जाहिरात दिली. आलेले उमेदवार पाहून 'चेहऱ्याने देखणे असणाऱ्यांनीच यावे' अशी पुस्ती त्यांना जोडावी लागली. तारामतीच्या कामाला एकही स्त्री मिळाली नाही आणि ग्रँट रोडच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला तेव्हा जाहिरातीत नाच आणि कसरतीचे खेळही होते, कारण नुसत्या चित्रावर लोक येतील याचा भरवसा नव्हता. मुंबईबाहेर फाळक्यांनी दुसरी युक्ती केली. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि किंमत फक्त तीन आणे! रात्रभर नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाला दीड तासाचा खेळ थोडा वाटू नये, म्हणून चित्र मैलांत मोजून दाखवले.

स्त्रीला उद्देशून लिहिलेली जाहिरात उशिरा आली. आधी तेल, साडी, शिवणयंत्र यांच्या जाहिराती नवऱ्याशी बोलत, कारण पैसे तो मोजणार होता. कामिनिया तेल आणि ओटो दिलबहार अत्तर यांच्या जाहिरातींत रविवर्म्याच्या वळणाच्या स्त्रिया दिसतात, पण त्या पाहण्यासाठी आहेत. 'स्त्री' मासिक 1930 मध्ये सुरू झाल्यानंतर वाचणाऱ्या बाईशी थेट बोलणे वाढले. 1941 मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. त्या साबणाची जाहिरात करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय नटी. एव्हाना जाहिरातीचे काम दुकानदाराच्या हातून धंदेवाईक कंपन्यांकडे गेले होते. गिरगावात बी. दत्ताराम आणि कंपनी 1905 पासून होतीच. शिवडीला मोटारी जुळवणाऱ्या जनरल मोटर्सच्या पाठोपाठ 1929 मध्ये जे. वॉल्टर थॉम्पसन ही अमेरिकन कंपनी मुंबईत आली. मजकूर आटोपशीर झाला आणि चित्र मोठे झाले. जुन्या जाहिरातींतला घरगुती, थोडा पाल्हाळिक सूर याच काळात हरपला.

या सगळ्या पुराव्याला मोठी मर्यादा आहे. 1911 च्या जनगणनेत हिंदुस्थानात दर हजारी 59 माणसे साक्षर होती, आणि स्त्रियांत हजारी 10. मोठ्याने वाचून दाखवण्याच्या रिवाजामुळे मजकूर यापेक्षा अधिक कानांपर्यंत जाई, तरी मुंबईच्या गिरणीतला कामगार, दुष्काळात खडी फोडणारा कुणबी, गावकुसाबाहेरचा माणूस हे गिऱ्हाईक म्हणून जाहिरातीत जवळजवळ नाहीत. ते येतात ते 'पाहिजे'च्या सदरात नोकर म्हणून, नाहीतर सरकारी लिलावात ज्याच्या जमिनीवर बोली लागायची तो थकबाकीदार म्हणून. शिवाय जाहिरात इच्छेची साक्ष देते, वापराची नाही. हजार लोकांनी पियानोची जाहिरात वाचली असेल, घेतला एखाद्यानेच. म्हणून जाहिरातीतला दर कारकुनाच्या महिना पंधरा-वीस रुपयांच्या पगाराशेजारी ठेवून पाहावा लागतो. औषधाची रुपयाची बाटली घेणे हा त्या घरातला विचार करून घेतलेला निर्णय असे.

दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आले, पाने घटली आणि जाहिरातीला जागा मिळणे अवघड झाले. औषधांच्या दर्जावर देखरेख ठेवणारा कायदा 1940 मध्ये झाला, पण जाहिरातीतल्या दाव्यांना त्याने फारसा हात लावला नाही. ते काम स्वातंत्र्यानंतर 1954 च्या औषधी व जादूई उपाय कायद्याने केले. कायद्यात दिलेल्या रोगांवर रामबाण उपाय असल्याची जाहिरात करणे तेव्हापासून गुन्हा ठरले. त्या यादीत प्लेग, क्षय आणि लैंगिक दुर्बलता हे सारे एकत्र नोंदलेले आहेत.